फोटोंची यादी मोबाईलवर का मोडते? आठवी मीडिया क्वेरी लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. पेणमधल्या एका गणपती कारखान्याचं पान आहे. 48 मूर्तींचे फोटो ‘यूएल’ (यादी) आणि ‘एलआय’ (यादीतली एकेक नोंद) या टॅगांच्या यादीत, प्रत्येक फोटोखाली मूर्तीचं नाव, उंची आणि किंमत. लॅपटॉपवर चार-चारच्या ओळी झकास दिसतात. मोबाईलवर मात्र कुठे पान आडवं सरकतं, कुठे फोटो नखाएवढे होतात, आणि शेवटच्या ओळीत दोनच मूर्ती उरल्या की त्या फुगून सगळी जागा खातात. प्रश्नकर्त्याने आतापर्यंत सात मीडिया क्वेरी, म्हणजे ‘स्क्रीन इतकी रुंद असेल तर असं दाखव’ असे नियम, लिहिल्या आहेत. आठवी लिहू का, असं विचारलंय.

नका लिहू. आधीच्या सातांपैकीही बहुतेक खोडाव्या लागणार आहेत.

पुढे सीएसएसचे (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेचे) शब्द वाचून दाखवल्यासारखे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.

स्क्रीन किती रुंद आहे, हा आपला प्रश्नच नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो. 2010 साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यात तीन गोष्टी होत्या: टक्क्यांमध्ये आखलेली जाळी, जागेप्रमाणे आकसणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी. आपण सगळ्यांनी तिसरी गोष्ट तेवढी उचलली. 320 पिक्सेल रुंद म्हणजे आयफोन, 768 म्हणजे आयपॅड, 1024 म्हणजे आडवा आयपॅड, हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले. मीही केले होते. आज माझ्या टेबलावरचे तीन फोन 360, 393 आणि 412 रुंदीचे आहेत, वर घडीचे फोन आलेत, अर्ध्या स्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून उरलेल्या अर्ध्यात ब्राउझर चालवणारी माणसं आहेत. प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी लिहायची तर ती यादी कधीच संपत नाही.

आपल्याला सांगायचं असतं ते एवढंच: एक मूर्ती किती लहान दिसली तर चालेल आणि एका ओळीत जास्तीत जास्त किती हव्यात. बाकीचा भागाकार ब्राउझर करतो, आणि आपल्यापेक्षा बरा करतो.

पण त्याआधी तीन जुने चोर पकडूया. दहातल्या आठ पानांवर मला यांच्यापैकीच एखादा सापडतो, आणि लोक उगाच ग्रिड-फ्लेक्ससारख्या मांडणीच्या पद्धतींच्या मागे लागलेले असतात.

पहिला: पानाच्या ‘हेड’मध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) नसणं, किंवा चुकीचा असणं. तो नसेल तर मोबाईल ब्राउझर समजतो की पान जुन्या काळातलं, कॉम्प्युटरसाठी केलेलं आहे. ते साधारण 980 पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग सगळं आकसून दाखवतो. नखाएवढे फोटो दिसतात ते यामुळे. तुमची एकही मीडिया क्वेरी लागू होत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी रुंदी 980 आहे. टॅगमध्ये ‘विड्थ’ला ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि ‘इनिशियल-स्केल’ला 1, एवढंच हवं. काही जण त्यात झूम बंद करणारी ‘युजर-स्केलेबल: नो’ ही पुस्ती जोडतात. ती काढा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघायला माणूस झूम करणारच, त्यासाठीच तो तुमच्या पानावर आलाय.

दुसरा: ‘यूएल’चा जन्मजात समास. कोणतीही यादी घेतली की ब्राउझर तिला डावीकडे 40 पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) देतो, बुलेट मावावी म्हणून. आपण ‘लिस्ट-स्टाइल: नन’ लिहून बुलेट घालवतो, पण पॅडिंग तसंच राहतं. लॅपटॉपवर ते जाणवत नाही. 360 पिक्सेलच्या फोनवर 40 म्हणजे नववा हिस्सा, आणि सगळे फोटो उजवीकडे रेटल्यासारखे दिसतात. पॅडिंग शून्य, मार्जिन शून्य, मग पुढचं बोलू.

तिसरा: फोटोला रुंदी न बांधणं. ‘आयएमजी’ला (फोटोच्या टॅगला) ‘मॅक्स-विड्थ: 100%’ आणि ‘हाइट: ऑटो’ नसेल तर 4000 पिक्सेलचा फोटो खरोखर 4000 पिक्सेल पसरतो आणि पानाला आडवी सरकवायची पट्टी येते. याच वेळी ‘डिस्प्ले: ब्लॉक’ही लिहून टाका. फोटो मुळात अक्षरासारखा ओळीत बसतो, आणि ओळीखाली उकार-ऊकार लटकायला सोडलेली जागा त्याच्याही खाली राहते. फोटो आणि नावाच्या मध्ये चार-पाच पिक्सेलची फट दिसते आणि ती कुठून आली हे शोधण्यात तास जातो, ती हीच.

आता ओळी मांडण्याचं मूळ काम.

प्रश्नातलं जुनं वळण मी ओळखलं: प्रत्येक ‘एलआय’ला ‘इनलाइन-ब्लॉक’ (शब्दांसारखं एका ओळीत बसवणं) आणि 25 टक्के रुंदी, मग चौथी मूर्ती खाली पडते म्हणून 24 टक्के, मग 23.5. चौथी पडते कारण दोन ‘एलआय’च्या मध्ये आपण कोडमध्ये एंटर मारलेला असतो आणि ब्राउझर तो एका शब्दातल्या जागेइतका मोजतो. त्याआधी फ्लोट होते, म्हणजे चौकटी एका बाजूला रेटून ओळीत बसवायच्या. त्यात एका मूर्तीचं नाव दोन ओळींचं झालं की पुढची ओळ तिच्या कोपऱ्याला अडकून राहायची आणि मध्ये भगदाड पडायचं. ओळीतल्या चौकटींना जागा वाटून देणाऱ्या फ्लेक्सबॉक्सने ही दोन्ही दुखणी घालवली, पण शेवटच्या ओळीचं तिसरं आणलं. ‘फ्लेक्स-ग्रो’ला 1 दिलं की उरलेली जागा त्या ओळीतल्या मूर्ती वाटून घेतात. दोनच असतील तर प्रत्येकी निम्मं पान. सहा इंची बाल गणेश तीन फुटी मूर्तीपेक्षा मोठा दिसतो, आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतं की एवढा मोठा एवढ्या स्वस्तात कसा.

ओळी आणि स्तंभ दोन्ही जुळायला हवे असतील तिथे ग्रिड वापरा. मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनी तो महिन्याभराच्या आत आणला; आता ‘जुन्या ब्राउझरचं काय’ म्हणून थांबायचं कारण उरलेलं नाही. यादीला द्यायचे नियम एवढेच:

डिस्प्ले: ग्रिड;
गॅप: 12 पिक्सेल;
ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मॅक्स(136 पिक्सेल, 22%), 1 एफआर));

शेवटची ओळ आतून बाहेर वाचा. आतला ‘मॅक्स’ म्हणतो: एक स्तंभ 136 पिक्सेल किंवा यादीच्या रुंदीच्या 22 टक्के, यांतलं जे मोठं असेल त्याहून अरुंद होऊ देऊ नकोस. ‘मिनमॅक्स’ म्हणतो: ही झाली खालची हद्द, वर उरलेली जागा सगळ्यांना सारखी वाट (‘1 एफआर’ म्हणजे एक वाटा). ‘ऑटो-फिल’ म्हणतो: असे जितके स्तंभ मावतील तितके बसव.

136 का आणि 22 का? दोन्ही आकडे हिशेबाने आलेत. 320 रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना 16-16 समास सोडला की 288 उरतात. त्यात दोन मूर्ती आणि मधली 12 ची फट बसवायची: दोन गुणिले 136 म्हणजे 272, अधिक 12 म्हणजे 284. बसतं. तिथे 150 लिहिलं असतं तर 312 झाले असते, आणि छोट्या फोनवर एकेक मूर्ती आली असती. 48 मूर्ती एकाखाली एक म्हणजे अंगठ्याला व्यायाम.

22 टक्क्यांची गंमत वेगळी आहे. चार गुणिले 22 म्हणजे 88. उरलेल्या 12 टक्क्यांत तीन फटी आरामात बसतात. पाच गुणिले 22 म्हणजे 110, पाचवा स्तंभ मावतच नाही. म्हणजे स्क्रीन कितीही रुंद झाली तरी चारांवर पाचवी मूर्ती येणार नाही, आणि त्यासाठी एकही मीडिया क्वेरी लागली नाही. नुसतं 136 लिहिलं असतं तर 1366 च्या लॅपटॉपवर नऊ-नऊ मूर्ती एका ओळीत आल्या असत्या, शाळेच्या हजेरीच्या ओळीसारख्या. यादीभोवतीच्या डब्याला ‘मॅक्स-विड्थ: 1100 पिक्सेल’ द्या, म्हणजे मोठ्या मॉनिटरवर चार मूर्ती अवाढव्य होणार नाहीत.

कागदावर करून बघितलं तर असं येतं: 360 च्या फोनवर दोन मूर्ती, प्रत्येकी 158. पडदा 464 झाला की तीन. 612 ला चार. 768 च्या टॅबलेटवर चार, प्रत्येकी 175. लॅपटॉपवर चार, प्रत्येकी 266. मधल्या कोणत्याही रुंदीला काहीतरी विचित्र होत नाही, कारण मधली रुंदी अशी वेगळी काही राहिलेलीच नाही.

टक्के लिहिलेत, ‘व्हीडब्ल्यू’ नाही, याकडे लक्ष द्या. टक्के हे यादीच्या डब्याचे, ‘व्हीडब्ल्यू’ पूर्ण खिडकीचे. उद्या हीच यादी बाजूच्या पट्टीत ‘आणखी मूर्ती’ म्हणून 300 पिक्सेलमध्ये टाकली तर तिथे आपोआप दोन-दोन होतात. खिडकी मोजणाऱ्या मीडिया क्वेरीला हे कधीच जमलं नसतं. तिला वाटलं असतं लॅपटॉप आहे, बसवा चार. (डब्याच्या रुंदीवरून नावाचा फॉन्ट, किमतीची जागा असं बाकीचंही बदलायचं असेल तर कंटेनर क्वेरी वापरा. फेब्रुवारी 2023 पासून तिन्ही मोठ्या ब्राउझरांत आहेत. या पानाला मात्र त्यांची गरज नाही.)

‘ऑटो-फिल’चा एक जुळा भाऊ आहे, ‘ऑटो-फिट’. पान भरलेलं असताना दोघांत फरक दिसत नाही, म्हणून लोक कोणताही उचलतात. गिऱ्हाईकाने ‘फक्त 2 फूट’ असा फिल्टर लावला आणि एकच मूर्ती उरली की कळतं: ‘ऑटो-फिट’ रिकामे स्तंभ मिटवून टाकतो आणि ती एकटी मूर्ती 1100 पिक्सेल रुंद होते. ‘ऑटो-फिल’ रिकाम्या जागा राखून ठेवतो. यादीला फिल्टर असेल तर ‘फिल’च.

फोटोच्या आकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

काही वर्षांपूर्वी मूर्तींचंच एक पान केलं होतं. सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून प्रत्येकाला चौरस चौकट दिली, वर ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’, म्हणजे चौकट पूर्ण भर आणि बाहेर जाईल ते छाट. सरळ रेषेत चौरस, बघायला देखणं. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाले, “साहेब, मुकुट कुठाय?” फोनने उभा काढलेला फोटो 3 ला 4 असतो. त्यातून चौरस कापायचा म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा जातो, आठवा वरून आणि आठवा खालून. वरून मुकुट गेला, खालून उंदीर. घाईघाईने ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ (फोटोचा कोणता भाग चौकटीत राहील ते) वर नेलं, तर मुकुट परत आला आणि उंदराबरोबर पाटही गेला. रंगकाम करणाऱ्याने त्या मुकुटावर दोन दिवस घालवलेले असतात, आणि आपण ते एका शब्दात छाटतो.

म्हणून चौकट ठरवायची ती फोटोंवरून, डिझाइनवरून नाही. मूर्तींचे फोटो फोनने उभे काढलेले असतील तर चौकटही 3 ला 4: ‘अ‍ॅस्पेक्ट-रेशो: 3 / 4’. हा नियम 2021 च्या सप्टेंबरपासून तिन्ही ब्राउझरांत आहे; त्याआधी पॅडिंगला 133.33 टक्के देऊन जी जादू करायचो, ती आता विसरून जा. मग मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले चार-पाच फोटो 2 ला 3 चे निघतात. ‘कव्हर’ने त्यांच्या उंचीचा नववा भाग जाईल. त्या मोजक्या फोटोंना वेगळा क्लास द्या आणि ‘कंटेन’ (न छाटता पूर्ण फोटो बसवणं) वापरा, मागे चौकटीला फिकट रंग. दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या दिसतील. दिसू देत. निसर्गदृश्यांच्या, जेवणाच्या, इमारतींच्या फोटोंना ‘कव्हर’ बिनधास्त चालतं. देवाच्या मूर्ती, माणसांचे चेहरे आणि साडीचा पदर-काठ, इथे आधी विचारून घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय कोडबाहेरचा आहे. फोटो काढणाऱ्या पोराला सांगा, मुकुटाच्या वर चार बोटं आणि पाटाच्या खाली चार बोटं जागा सोड. पुढच्या हंगामात निम्मी डोकेदुखी नसते.

एकमेकांत अडकवलेल्या विटांसारखी मांडणी, म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे फोटो खालीवर बसवणं, बऱ्याच जणांना आवडते. ‘कॉलम-काउंट’ने ती पाच मिनिटांत होते. पण त्यात क्रम वरून खाली जातो: पहिला स्तंभ संपला की दुसरा. किमतीप्रमाणे लावलेली यादी वाचणारा डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि 900 च्या शेजारी त्याला 6,500 दिसतात. विकायच्या वस्तूंच्या यादीला ती मांडणी नकोच.

आता वजन. कारखान्यातून आलेला फोटो 3000 बाय 4000 चा, तीन-चार एमबीचा. धरा चार. 48 गुणिले चार, 192 एमबी. आणि तो 158 पिक्सेलच्या चौकटीत दाखवायचा. मांडणी कितीही अचूक असली तरी हे पान गाडीत बसलेल्या माणसाच्या फोनवर उघडणार नाही. स्क्रीनप्रमाणे फक्त आकार बदलला आणि फाइल तीच ठेवली, तर काम अर्धवट झालंय.

इथे एक घोळ आधी सोडवू. सीएसएसचा पिक्सेल आणि पडद्यावरचा खरा ठिपका वेगळा. 360 रुंदीचा म्हणवणारा फोन पुष्कळदा खरे 1080 ठिपके दाखवतो, तिप्पट. म्हणजे 158 च्या चौकटीला तीक्ष्ण दिसायला 474 ठिपक्यांचा फोटो लागतो. लॅपटॉपचा साधा पडदा एकपट: 266 च्या चौकटीला 266 पुरे. अनेकांना हे उलटं वाटतं, पण छोट्या फोनला मोठी फाइल आणि मोठ्या लॅपटॉपला छोटी, असं सर्रास होतं.

म्हणून प्रत्येक फोटोच्या 320, 480 आणि 640 रुंदीच्या तीन प्रती काढा. यादीसाठी तेवढ्या पुरतात. 960 किंवा 1280 ची प्रत मूर्तीवर टॅप केल्यावर उघडणाऱ्या मोठ्या फोटोसाठी. प्रती वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये काढा; सफारीने 2020 मध्ये ती स्वीकारल्यापासून अडचण नाही. एव्हिफ या फॉरमॅटची प्रत आणखी हलकी पडते, पण प्रत काढायला वेळ जास्त लागतो. 48 फोटोंसाठी हरकत नाही, हजारांच्या दुकानात विचार करा. माझ्या हातून निघालेल्या 480 च्या वेबपी प्रती साधारण 40 ते 60 केबीच्या असतात. चार एमबीवरून इथे.

या तिन्ही प्रती फोटोच्या टॅगमधल्या ‘सोर्ससेट’मध्ये लिहायच्या, प्रत्येकीपुढे तिची रुंदी: 320 डब्ल्यू, 480 डब्ल्यू, 640 डब्ल्यू. कोणती उचलायची ते ब्राउझर ठरवतो. पण त्याला एक गोष्ट माहीत नसते. एचटीएमएल वाचतानाच तो फोटो मागवायला सुरुवात करतो, तेव्हा सीएसएस आलेलंही नसतं, स्तंभ किती पडणार हे त्याला ठाऊक नसतं. ते ‘साइझेस’मध्ये सांगावं लागतं. न सांगितलं तर तो 100 ‘व्हीडब्ल्यू’ धरतो, म्हणजे फोटो पूर्ण रुंदीचा आहे असं समजून सगळ्यात जड प्रत ओढतो. मी तपासलेल्या पानांपैकी कितीतरी ठिकाणी ‘सोर्ससेट’ नीट लिहिलेलं आणि ‘साइझेस’ गायब असतं. मेहनत पूर्ण, फायदा शून्य.

आपल्या मांडणीसाठी ‘साइझेस’ असं:

(मिन-विड्थ: 1132 पिक्सेल) 266 पिक्सेल,
(मिन-विड्थ: 612 पिक्सेल) कॅल्क(25 व्हीडब्ल्यू - 17 पिक्सेल),
(मिन-विड्थ: 464 पिक्सेल) कॅल्क(33.3 व्हीडब्ल्यू - 19 पिक्सेल),
कॅल्क(50 व्हीडब्ल्यू - 22 पिक्सेल)

हो, मीडिया क्वेरी नको म्हणालो आणि इथे तीन आल्या. फरक एवढाच की या मांडणी ठरवत नाहीत, अंदाज कळवतात. चुकल्या तर फोटो वेडावाकडा दिसत नाही, फार तर थोडा जड किंवा थोडा धूसर येतो. शेवटच्या ओळीतले 22 वजा करणं काटेकोरपणा वाटेल, पण 360 च्या तिप्पट ठिपक्यांच्या फोनवर नुसतं 50 ‘व्हीडब्ल्यू’ म्हणजे 180, तिप्पट 540, म्हणजे ब्राउझर 640 च्या प्रतीकडे झुकणार. 22 वजा केले की 158, तिप्पट 474, आणि 480 ची प्रत चपखल बसते.

2024 पासून क्रोममध्ये ‘साइझेस’ला नुसतं ‘ऑटो’ लिहिता येतं: मांडणी झाल्यावर ब्राउझर चौकट स्वतः मोजतो. अट एकच, त्या फोटोला ‘लोडिंग: लेझी’ (फोटो नजरेजवळ आल्यावरच मागवणं) हवं. ‘ऑटो’, मग स्वल्पविराम, मग वरची सगळी यादी, असं लिहिलंत तर ज्याला कळतं तो मोजेल आणि बाकीचे अंदाज वाचतील. बाजूच्या पट्टीतली यादी त्यानेच सुटते.

‘लेझी’चा विषय निघालाय तर: सगळ्या 48 ना सरसकट लावू नका. पान उघडल्याबरोबर दिसणारे पहिले सहा फोटो लेझी केले तर ब्राउझर मांडणी होईपर्यंत थांबतो आणि माणूस रिकाम्या चौकटी बघत बसतो. फोनवर दोन-दोनच्या तीन ओळी साधारण पहिल्या नजरेत येतात, म्हणून सहा. सातव्यापासून पुढे लेझी.

प्रत्येक ‘आयएमजी’वर ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ लिहा. 480 आणि 640 लिहा, सीएसएस त्यांना हवं तसं आकसवेल. ब्राउझरला त्यातून फक्त प्रमाण हवं असतं. रिस्पॉन्सिव्हच्या सुरुवातीच्या काळात आम्हीच लोकांना हे आकडे काढायला सांगायचो, लवचीकपणाला अडथळा म्हणून. 2019 च्या अखेरीस क्रोम आणि फायरफॉक्स त्यांवरून आधीच जागा राखायला लागले आणि सल्ला उलटला. आपल्याकडे चौकटीला ‘अ‍ॅस्पेक्ट-रेशो’ आहेच, पण टॅप केल्यावर उघडणाऱ्या मोठ्या फोटोला तो नाही, आणि सीएसएस उशिरा आलं तरी हे आकडे हजर असतात. जागा राखलेली नसली की फोटो येतील तसं पान उड्या मारतं: गिऱ्हाईक एका मूर्तीवर बोट ठेवतं आणि दुसरीच उघडते.

आता नावांकडे. प्रश्नात पान आडवं सरकतं असं म्हटलंय, आणि व्ह्यूपोर्ट, रुंदी सगळं तपासूनही ते सरकत असेल तर मला संशय फोटोखालच्या मजकुराचा आहे. मराठी सामासिक शब्द तुटत नाहीत. ‘कमलासनाधिष्ठित’ असा एक शब्द ठळक अक्षरांत 136 च्या चौकटीत मावत नाही. स्तंभ नुसते ‘रिपीट(2, 1 एफआर)’ असे लिहिलेले असतील तर तो शब्द पूर्ण स्तंभ रुंद करतो, कारण ‘1 एफआर’ची खालची हद्द आतल्या मजकुराएवढी असते. आपल्या मांडणीत स्तंभ रुंद होणार नाही, पण शब्द चौकटीबाहेर लोंबेल. ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ लिहिलं की तो गरज पडल्यास तुटतो. तुटलेला शब्द कुरूप दिसतो हे खरं. म्हणून मालकांना विनवून नाव ‘कमळावरचा गणपती’ करून घ्या. वाचणाऱ्यालाही तेच पटकन कळतं.

देवनागरीचा आणखी एक मुद्दा, इंग्रजी थीम उचलणाऱ्यांना हमखास चावणारा. नावं दोन ओळींत कापायला थीममध्ये ‘लाइन-हाइट: 1.1’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असतं. त्यात पहिल्या ओळीच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, शेवटच्या ओळीचे उकार खालून. ‘मूर्ती’ची ‘मूती’ होते. 1.5 च्या खाली जाऊ नका.

किंमत माउस नेल्यावर दिसते, अशी रचना असेल तर ती फोनवर कुणालाच दिसत नाही. काढा.

‘लिस्ट-स्टाइल: नन’ लिहिल्यावर सफारीत अ‍ॅपलचा व्हॉइसओव्हर (पान वाचून दाखवणारी सोय) यादीला यादी म्हणणं सोडून देतो, ‘48 घटक’ हे वाचून दाखवत नाही. ‘यूएल’वर ‘रोल’ला ‘लिस्ट’ लिहिलं की परत म्हणतो. ‘ऑल्ट’मध्ये (फोटोऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात) ‘फोटो 17’ लिहू नका. ‘फेटा बांधलेली शाडूची मूर्ती, उजवा हात आशीर्वादाचा’ असं, न बघता कळेल असं लिहा. नाव आणि उंची खाली आहेच, ते पुन्हा नको.

तपासताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या मोबाईल-दृश्यात पान कडेला धरून हळूहळू 320 पर्यंत आणा आणि परत न्या. 464 आणि 612 ला स्तंभ बदलताना दिसले पाहिजेत, बाकी कुठेच धक्का नको. मग 1280 च्या खिडकीत 400 टक्के झूम करा; तेही 320 च होतं, आणि अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या माणसाला पान असंच दिसतं. त्यानंतर डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क हळू करून कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या आधीच्या फाइली) बंद ठेवून पान उघडा आणि कोणत्या चौकटीसाठी कोणती प्रत आली ते बघा. 158 च्या चौकटीला 640 येत असेल तर ‘साइझेस’ चुकलंय. कॅशे चालू असेल तर आधीची मोठी प्रतच वापरली जाते आणि उगाच गोंधळ होतो, म्हणून ती बंद.

आणि एखादी मूर्ती आडवी झोपलेली दिसली तर सीएसएसमध्ये शोधू नका. फोन फोटो आडवाच साठवतो आणि सोबत ‘हा उभा दाखव’ अशी एक चिठ्ठी ठेवतो. मूळ फोटो ब्राउझर ती चिठ्ठी वाचून सरळ दाखवतो, पण लहान प्रती काढणारी काही साधनं चिठ्ठी फेकून देतात आणि फोटो मात्र फिरवत नाहीत. प्रती काढण्याच्या कमांडमध्ये आधी फिरवून घ्यायचा पर्याय असतो, तो चालू करा आणि 48 च्या 48 पुन्हा काढा. एकट्या त्या मूर्तीला सीएसएसने फिरवायच्या फंदात पडू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी प्रती नव्याने काढेल आणि बाप्पा दुसऱ्या कुशीवर झोपतील.